कावडीची नव्हती ती गाठ

माझ्यासारख्याने हे लिहावं का, याचा मी फार दिवस विचार केला. मी डॉक्टर नाही, लेखक तर नाहीच. आमच्या घरात माझ्याआधी चौथीच्या पुढे कुणी गेलं नव्हतं. माझी बी.एस्सी. झाली, तीही एक वर्ष उशिरा. माझ्यापेक्षा कितीतरी जास्त भोगलेली माणसं वॉर्डात माझ्या शेजारी होती आणि ती काही न बोलता घरी गेली. मग मीच का बोलावं? तरी लिहितो आहे, कारण आमच्या भागात मानेला गाठ घेऊन बाजारात फिरणारी माणसं मला अजून दिसतात. त्यांच्यातल्या एकाने जरी हे वाचून किंवा कुणाकडून वाचून घेऊन दवाखाना गाठला, तर माझा आगाऊपणा माफ व्हावा.

*

आमचं गाव आंधळगावपासून सायकलीने तासाभराच्या अंतरावर, जुन्या मालगुजारी तलावाच्या पाळीखाली, म्हणजे बांधाखाली आहे. आम्ही ढिवर. बा तलावात जाळं टाकतो, हिवाळ्यात शिंगाडे काढतो. आई मी बारा वर्षांचा असताना गेली. तेव्हापासून घरात आम्ही तिघं, बा, मी आणि माझ्यापेक्षा चार वर्षांनी लहान असलेली बहीण शकुन.

पंच्याऐंशी सालच्या पावसाळ्यात मी भंडाऱ्याला कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला होतो आणि वसतिगृहात राहत होतो. एक दिवस दाढी करताना मानेच्या डाव्या बाजूला बोराएवढी गाठ हाताला लागली. दुखत नव्हती, म्हणून मी कुणाला सांगितलं नाही. महिन्याभराने ती सुपारीएवढी झाली आणि तिच्या खाली दुसरी आली. खोलीतल्या मित्राने ओढून डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी मान चाचपली आणि गंडमाळा म्हणजे क्षयाच्या गाठी असाव्यात असं म्हणाले. आमच्याकडे मानेला गाठ म्हटलं की तोच अंदाज आधी येतो, त्यात त्यांचा दोष मी मानत नाही. तीन महिने इंजेक्शनं घेतली. कंबर दुखून गेली, गाठी होत्या तशाच राहिल्या. आवाज मात्र थोडा बसला.

दिवाळीला मी कोंढ्याजवळच्या माझ्या मामाच्या गावी गेलो. मामा अंगणात जाळं विणत बसला होता. माझी मान पाहून तो मोठ्याने हसला.

"काहो भाचेबुवा! कॉलेजात जाऊन कावडीची गाठ आनली का?"

मामाच्याही मानेला गाठ होती. त्याच्या बाला, म्हणजे माझ्या आज्यालाही होती. त्यांच्या घरी कुणाला त्याचं काही वाटत नसे. मासे भरलेली कावड घेऊन दहा-दहा मैल चालायचं, बांबू खांद्यावर आणि मानेवर घासायचा, म्हणून तिथे गाठ येते, असं ते पिढ्यान्पिढ्या सांगत आले होते. गाठ आलेला माणूस कष्टाळू समजला जाई. मामाने एकदा सोयरीक जमवताना पोराची मान दाखवून "हे पाहा, किती कावड वाह्यली हाये" असं म्हटलेलं मी स्वतः ऐकलं आहे.

"मामा, मी कुठं कावड वाहतो?" मी म्हणालो.

"पुस्तकाची वाह्यत असशील!" असं म्हणून तो पुन्हा हसला. मामी त्याला रागावली, "पोराची मान सुजून राह्यली आन् तुमाले हासू येते!" पण मीही हसलो. खरं सांगायचं तर मला बरं वाटलं. मामा पंधरा वर्षं तशी गाठ घेऊन जगत होता. मग मीही जगेन, असं वाटलं.

*

बाला तसं वाटलं नाही. त्याने शिंगाड्याचा ऐन हंगाम सोडून मला नागपूरच्या मोठ्या दवाखान्यात नेलं. वरठी स्टेशनवरून सकाळची गाडी धरायची, चिठ्ठीच्या रांगेत उभं राहायचं, संध्याकाळी परत यायचं, असं चार वेळा झालं. गाठीचा तुकडा काढून तपासायला दिला होता. पाचव्या खेपेला डॉक्टरांनी आम्हा दोघांनाही बसायला सांगितलं. त्याआधी कुणी आम्हाला बसा म्हटलं नव्हतं. तेव्हाच मला कळलं.

डॉक्टर पन्नाशीचे असतील. हळू बोलत. त्यांनी सांगितलं, की कंठाजवळ थायरॉइड नावाची ग्रंथी असते, तिच्यात कॅन्सर आहे आणि तो मानेच्या गाठींपर्यंत आला आहे. हाताने चाचपली ती मूळ जागा नव्हतीच. मूळ आत होतं आणि बाहेर दिसत होतं ते त्याचं पोचणं होतं.

बाने विचारलं, "साहेब, गाठीत काहून जाते तो?"

डॉक्टरांनी बाचा धंदा विचारला. मग म्हणाले, "सांडव्याच्या तोंडाशी तुम्ही बांबूचा सापळा लावता ना? तलावातून जे बाहेर पडतं ते आधी तिथं अडकतं. शरीरातल्या या गाठी तशाच आहेत. रोग ग्रंथीतून बाहेर पडला की आधी इथं सापडतो."

"आन् सापळ्यातून सुटला तं?"

डॉक्टरांनी कागद पुढे ओढला. "म्हणून लवकर काढायच्या," एवढंच म्हणाले.

मग ते कागदावर लिहू लागले आणि लिहिता लिहिता त्यांनी सहज विचारलं, "घरात आणखी कुणाला मानेला गाठ?"

"हाये ना जी," बा लगेच म्हणाला. "याच्या मामाले हाये. याच्या आज्याले होती, आईच्या बाले. पन त्या कावडीच्या गाठी हायेत. आमच्यात येतेच."

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. "या मुलानं कधी कावड वाहिली?"

बाने माझ्या खांद्याकडे पाहिलं. मग म्हणाला, "नाही जी. याच्या खांद्यावर आमी काहीच देल्लं नाही. शिकाले पायजे म्हनून."

त्या खोलीत पंखा होता, बाहेर कंपाउंडर नावं पुकारत होता, पण मला फक्त बाचं ते वाक्य ऐकू येत होतं. तीन पिढ्यांची समजूत त्याने स्वतःच्या तोंडाने मोडली होती आणि ते त्याला त्याच क्षणी कळलं होतं.

डॉक्टरांनी माझ्या आईबद्दल विचारलं. बा म्हणाला, तिला गाठ दिसली नाही, तापाने गेली. मग आठवून म्हणाला, "पोट मात्र तिचं नेहमीच वाह्याचं जी. औषध देल्लं तरी थांबे नाही." त्यावरही डॉक्टरांनी मान हलवली आणि लिहून घेतलं. या ग्रंथीच्या एका जातीच्या कॅन्सरमध्ये तसं होतं, हे मला पुढे कळलं.

*

ऑपरेशन जानेवारीत झालं. ते वर्णन मी करणार नाही, कारण मला ते आठवतच नाही. जाग आली तेव्हा मानेतून एक नळी निघून बाटलीत गेली होती आणि बोटांना मुंग्या येत होत्या. नर्सबाई दर थोड्या वेळाने येऊन माझ्या गालावर बोटाने टिचकी मारत आणि ओठ उडतो का ते पाहत. रक्तातलं कॅल्शियम उतरलं की तसं होतं म्हणे. मला आधी वाटलं त्या लाडाने मारतात.

आवाज जवळजवळ गेला होता. बोलण्यासाठी शकुनने घरून पाटी पाठवली होती, माझीच पहिलीतली. शेजारच्या खाटेवर तिरोड्याकडचे एक म्हातारे गृहस्थ होते. ते माझी पाटी पाहून म्हणायचे, "गुरुजी, आज कोनता धडा?" त्यांना जिभेचं दुखणं होतं, बोलताना त्यांनाच जास्त त्रास व्हायचा, तरी रोज विचारायचे. सकाळी सहाला दूध यायचं, आठला ड्रेसिंग, अकराला मोठे डॉक्टर, चारला भेटणाऱ्यांची घंटा. मला वाटतं भीतीला वेळापत्रक असलं की ती थोडी आवरते. रविवारी मोठे डॉक्टर येत नसत, त्या दिवशी मला सगळ्यात जास्त भीती वाटायची.

बा वॉर्डाबाहेरच्या व्हरांड्यात राहत होता. एकदा मी पाटीवर लिहिलं, "बा, तू घरी जा." त्याला वाचता येत नव्हतं. त्याने पाटी शेजारच्या म्हाताऱ्यांना दाखवली. म्हातारे म्हणाले, "भूक लागली म्हनते." बा माझ्यासाठी केळी घेऊन आला. मला हसू आलं आणि टाके ताणून दुखले.

काढलेल्या गाठींपैकी निम्म्यांत रोग निघाला. हे मला डॉक्टरांनी सरळ सांगितलं, त्याबद्दल मी त्यांचा ऋणी आहे. म्हणाले, "आपण दिसल्या तेवढ्या काढल्या. दर सहा महिन्यांनी येत जा." मी आजही जातो. पुढचं मला माहीत नाही, त्यांनाही नाही.

*

घरी सोडायच्या दिवशी डॉक्टरांनी मला एकट्याला बोलावलं. "तू सायन्सचा ना? मेंडेलचे वाटाणे शिकलास?"

मी मान हलवली. आम्ही वर्गात उंच आणि बुटक्या रोपांचे तक्ते मांडले होते. मला पैकीच्या पैकी गुण मिळाले होते.

"तुझ्या आजोबांकडून मामाकडे, आईकडे आणि आईकडून तुझ्याकडे," ते म्हणाले. "जन्मतःच पेशीत एक बिघाड येतो. तेवढ्यानं रोग लगेच पसरत नाही. त्यावर आणखी बदल साचत जातात आणि मग पेशी आपली जागा सोडून गाठीकडे निघते. ते बदल नेमके कोणते, हे अजून कुणाला नीट माहीत नाही. शोध चालू आहेत. पण घरातल्या प्रत्येक मुलाला तो बिघाड मिळण्याची शक्यता निम्मी असते. तुला बहीण आहे?"

"आहे," मी कुजबुजलो.

"तिचं रक्त तपासायला हवं. मुंबईला पाठवावं लागेल. ग्रंथीतून बाहेर पडण्याआधी सापडलं तर काढून टाकता येतं. बाहेर पडलं की तुझ्यासारखं."

इथे मला एक कबुली द्यायची आहे, आणि खरं म्हणजे त्या कबुलीसाठीच हा लेख लिहायला घेतला. मी घरी आलो आणि गप्प बसलो. शकुनची सोयरीक पवनीकडच्या एका घरी ठरत आली होती. मुलगा चांगला होता. घरात आधीच माझं दुखणं होतं. मला वाटलं, लग्न होऊ दे, मग सांगू. होळी गेली. रोज सकाळी ती माझा डावा हात धरून डोक्यापर्यंत नेऊन आणायची, कारण ऑपरेशनमुळे खांदा उतरला होता आणि तो व्यायाम सांगितला होता. ती समोर वाकली की माझी नजर तिच्या गळ्याकडे जायची. तिथे काही दिसत नव्हतं. माझ्याही गळ्यात काही दिसत नव्हतं, एका दिवसापर्यंत. हे माहीत असूनही मी दोन महिने काढले. मेंडेलचे तक्ते मांडणारा मीच तो.

शेवटी तिनेच विचारलं. "भाऊ, तू मायाकडं असा काहून पाह्यत राह्यतो?"

मी सगळं सांगितलं. बा अंगणात होता, तो आत आला आणि पहिल्यांदाच माझ्यावर ओरडला.

"एक गेला गाठीत, आता पोरीलेबी धरून देतं का? लोकाईले समजलं तं कोन नेईन तिले?"

"बा, डॉक्टर म्हणाले की..."

"डॉक्टराले पोरगी उजवाची नाही हाये!"

शकुन चुलीपाशी बसली होती. तिने भात उतरवला, हात पुसले. "मी काय मासोळी हावो, न पाह्यता टोपलीत टाकाले?" ती बाला म्हणाली. "माय आजारी होती तवा तुले मालूम नोयतं. आता मालूम हाये. चाल, नेऊन दे मले नागपूरले."

 बा त्या दिवशी जेवला नाही. तिसऱ्या दिवशी पहाटे त्यानेच तिला उठवलं आणि आम्ही वरठीला निघालो.

*

रक्त मुंबईला गेलं. उत्तर यायला फार दिवस लागले. या मधल्या काळात दोन गोष्टी झाल्या. सोयरीक मोडली. कुठून कळलं कोण जाणे, पण त्यांनी निरोप धाडला की मुलगा एवढ्यात लग्न करत नाही. बा दिवसभर पाळीवर बसून राहिला. शकुन म्हणाली, "बरंच झालं. त्यायच्या घरची विहीर लय दूर होती." ती खरंच तसं मानत होती की बासाठी म्हणाली, मी विचारलं नाही.

दुसरी गोष्ट मामाची. मी त्याला तीनदा जाऊन सांगितलं. पहिल्यांदा तो हसला. दुसऱ्यांदा चिडला, "माया बाच्या गाठीले तू क्यान्सर म्हनतं?" तिसऱ्यांदा त्याला श्वास घ्यायला त्रास होत होता आणि तो काही न बोलता माझ्याबरोबर बसमध्ये चढला. डॉक्टरांनी तपासून मला बाहेर बोलावलं, तेव्हाच मी समजलो. त्या पावसाळ्यात मामा गेला. जाण्याआधी त्याने आपल्या दोन्ही पोरांना माझ्या हवाली केलं, म्हणाला, "भाचेबुवा, यायच्या माना पाह्यत जा." मी त्यांना नेलं. त्यांचं रक्त ठीक आलं आहे.

शकुनचं ठीक आलं नाही. या ग्रंथीतून रक्तात येणाऱ्या एका द्रव्याचा आकडा वाढलेला होता. फार नाही, पण वाढलेला.

डॉक्टर तिला म्हणाले, "पोरी, ग्रंथी काढावीच लागेल. मानेत प्रत्येकालाच बारीक गाठी असतात, त्याही काढून तपासू. त्या गाठींत काही नसलं तर तू जिंकलीस. असलं तर..." त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "तर तुझा भाऊ आहेच वाट दाखवायला."

ऑपरेशन भाद्रपदात झालं. नळी, बाटली, गालावर टिचकी, सगळं तेच. फरक एवढाच की मी आता खाटेच्या दुसऱ्या बाजूला होतो, आणि ती बाजू जास्त कठीण आहे हे मला तेव्हा कळलं. रिपोर्टला पंधरा दिवस लागतील असं सांगितलं. माझी प्रात्यक्षिकं सुरू झाली होती, एक वर्ष आधीच बुडालं होतं. शकुनने मला हाकललं, म्हणून मी भंडाऱ्याला परतलो. तिच्याजवळ बा आणि माझी मामी राहिली.

*

त्या पंधरा दिवसांत मी काय शिकलो ते मला आठवत नाही. प्रयोगशाळेत बेडकाच्या पेशी सूक्ष्मदर्शकाखाली दिसायच्या आणि मला वाटायचं, यातली कोणती निघाली असेल?

एका दुपारी वसतिगृहाच्या रखवालदाराने हाक मारली. खाली बा उभा होता. धोतर गुडघ्यापर्यंत चिखलाने भरलेलं, कारण बस वाटेत बंद पडली होती आणि तो उरलेलं अंतर चालत आला होता. सदऱ्याच्या आतल्या खिशातून त्याने मेणकापडात गुंडाळलेला एक कागद काढला.

"डॉक्टर गावाले गेले हायेत, परवा येतीन," तो म्हणाला. "बाबूनं कागद देल्ला."

"वॉर्डात कुणाला विचारलं नाहीस? नर्सबाई होत्या ना?"

"दुसऱ्याच्या तोंडून नाही आयकाचं होतं मले."

म्हणजे तो सकाळपासून तो कागद खिशात घेऊन, त्यात काय आहे ते न कळता, नागपूरहून माझ्यापर्यंत आला होता. मी त्याला पायरीवर बसवलं. कागद उघडला. टाइप केलेलं इंग्रजी, अक्षरं पुसट. बा कागदाकडे पाहत नव्हता, माझ्या तोंडाकडे पाहत होता. म्हणून मी चेहरा स्थिर ठेवायचा प्रयत्न केला आणि शेवटच्या ओळीपर्यंत जाऊन पुन्हा वरून सुरुवात केली, कारण पहिल्यांदा माझा विश्वास बसला नाही.

"बा, ग्रंथीत रोग होता. तांदळाच्या कणीएवढा. तो सगळा निघाला."

"आन् गाठीत?"

"सगळ्या गाठी तपासल्या. एकीतही नाही."

"एकीतबी?"

"एकीतही नाही, बा."

त्याने मेणकापडाची घडी करून खिशात ठेवली. मग म्हणाला, "जसं लिवलं हाये तसं वाच. इंग्रजीत."

मी वाचलं, मोठ्याने, माझ्या फाटक्या आवाजात. प्रत्येक शब्दाला तो मान हलवत होता. संपल्यावर त्याने विचारलं, "यातलं 'नाही' कोनतं?"

मी त्या शब्दावर बोट ठेवलं. त्याने माझं बोट बाजूला केलं आणि तिथे आपलं ठेवलं.